उलट्या ताटांची पंगत

रायपूरला जाऊन आलो. तुमच्यापैकी बहुतेकांनी रायपूर झोपेतच पाहिलं असणार. कोलकात्याकडे जाताना गाडी थांबली, कोणीतरी चहाच्या नावानं ओरडलं, तुम्ही कूस बदलली आणि छत्तीसगडची राजधानी मागे पडली. मी तिथं चार दिवस राहिलो. त्यांपैकी एका सकाळी मी एकट्यानं, कोणाच्या मदतीशिवाय, एक अख्खा पंथ पंथाबाहेर काढला. माझ्या गोष्टींत थोडं मीठ जास्त असतं असं आमच्या घरी म्हणतात. पण ही गोष्ट अळणी आहे. हवं तर रायपूरला विचारून घ्या.

जाण्याचं कारण ताईचा फोन. सुमनताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. भाऊजी रेल्वेत होते म्हणून ती लग्न होऊन पुलगावहून रायपूरला गेली आणि भाऊजी गेल्यावरही तिथंच राहिली. फोनवर तिनं ना नमस्कार, ना चमत्कार.

"बाळ्या, माह्यं ताट उलटं केलं रे."

एवढं बोलून ती गप्प झाली. माझी ताई गप्प बसली म्हणजे मामला गंभीर, कारण पुलगावात असताना तिचं बोलणं ऐकून कावळे वाट बदलत.

हे ताटाचं प्रकरण आधी सांगतो. आम्ही एका पंथातले. दारावरच्या पाटीवर त्याचं भलंमोठं नाव आहे, पण सगळे त्याला 'पंगत' म्हणतात. कुठल्याशा दुष्काळात पुलगावच्या बाजूला एक बैरागी आला आणि त्यानं लोकांना सांगितलं: आपापलं ताट आणा, एका ओळीत बसा, शेजाऱ्याचं आडनाव विचारू नका, आणि जेवण झालं की स्वतःचं नाही, डावीकडच्याचं ताट घासा. झाला धर्म. चार वाक्यांचा. इतका आखूड धर्म माझ्या पाहण्यात दुसरा नाही. पुढं ते बैरागीबाबा गेले, समिती आली, आणि त्या चार वाक्यांना पालवी फुटून त्याची नियमावली झाली. ती उशाला घेतली तर मान आखडते. पंथही पसरला, पार रायपूरपर्यंत.

प्रत्येकाचं पितळी ताट पंगतीच्या हॉलमध्ये भिंतीवर खुंटीला टांगलेलं असतं. काठाला भोक, त्यात सुतळी. कोणी नियम मोडला की समिती बसते आणि त्याचं ताट खुंटीवर उलटं फिरवते. उलट्या ताटाच्या माणसानं ओसरीत बसून भजन ऐकावं, ओळीत बसू नये. बाबांच्या पुण्यतिथीच्या पंगतीपर्यंत ताट सुलटं झालं नाही तर ते खुंटीवरून उतरवतात आणि नाव कायमचं कटतं. पुण्यतिथी होती रविवारी. ताईचा फोन आला बुधवारी.

आता माझं सांगतो. मी पंगत सोडून तीस वर्षं झाली आणि मला त्याचा अभिमान आहे. पुलगावच्या प्रमुखांनी भर ओळीत विचारलं होतं, "गेल्या गुरुवारी कुठं होतास?" मी म्हटलं, "सिनेमाला." हात जोडून माफी माग म्हणाले. मी उठलो, खुंटीवरून माझं ताट काढलं आणि ते झांजेसारखं वाजवत घरी आलो. त्या दिवशी निम्म्या पुलगावात चूल पेटली नाही. बायको म्हणते आमच्याच घरी पेटली नाही, कारण रॉकेल संपलं होतं. असो. तेव्हापासून मी कोणत्याही देवळात, मठात, सत्संगात पाय ठेवलेला नाही. जेवतो मात्र त्याच ताटात. प्रवासातही ते बरोबर असतं. दुसऱ्या ताटात मला अन्न गोड लागत नाही, एवढंच त्याचं कारण.

तेच ताट पिशवीत घातलं आणि ताईचं ताट सुलटं करायला निघालो.

शुक्रवार. तेलीबांधा ते भनपुरी

स्टेशनवर भाचा आला होता. निखिल नव्या राजधानीतल्या एका मोठ्या कचेरीत आहे. त्याला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. आधी त्यानं मला गाडीतून नवा रायपूर दाखवला. तिथले रस्ते इतके रुंद की या कडेला नवरा आणि त्या कडेला नवरी उभी केली तर अक्षता पोचेपर्यंत मुहूर्त टळून जाईल. कचेऱ्या टोलेजंग, झाडं अजून कमरेएवढी. नवी राजधानी म्हणजे मोठ्या भावाचा सदरा घातलेलं पोरगं: बाह्या लोंबतात, पण ऐट बघा! मला ते शहर आवडलं.

परतताना तेलीबांध्याच्या तलावाकाठी उभं राहून आम्ही चीला खाल्ला. हा तांदळाच्या पिठाचा धिरड्याचा भाऊ, वर टोमॅटोची झणझणीत चटणी. निखिलचा फ्लॅट तिथंच मागे आहे.

"मामा, मम्मी को समझाओ न," तो म्हणाला. "छोड़ दे ये सब. मेरे यहाँ आके रहे. आप भी तो छोड़ दिए थे."

"मी सोडलं म्हनून तर आलो ना बे," मी म्हटलं. "जो आत असते त्याले भांडता येत नाही. बाहेरचा मानूसच खरा वकील."

"तो क्या बोलोगे उनको?"

"ते मी तोंड उघडल्यावर मले समजते."

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी आमच्या घरच्यांनी कमावलेली आहे.

ताईचं घर भनपुरीच्या कडेला. भनपुरीत माणसांपेक्षा ट्रक जास्त. ताईच्या दारासमोर एक चौदा चाकी इतक्या दिवसांपासून उभा होता की तिनं त्याच्यावर वड्या वाळत घातल्या होत्या. पलीकडे उरला नावाच्या औद्योगिक वस्तीतल्या कारखान्यांचा धूर. ताईच्या अंगणात मुनग्याचं झाड, म्हणजे आपला शेवगा. घरात भाऊजींचा फोटो.

"वाळला रे तू," ताई म्हणाली. मी नव्वद किलोचा आहे. बहिणी असंच पाहतात.

जेवायला भात, वरण आणि तिवऱ्याची, म्हणजे लाखोळीची, पालेभाजी. आपल्याकडे भाजीवर तर्री तरंगली नाही तर जेवणारा आजारी आहे असं समजतात. इथं भाजी म्हणजे हिरवा पाला, लसूण-मिरचीची फोडणी, आणि भाताचा असा डोंगर की पलीकडे बसलेला माणूस दिसू नये. मी तो डोंगर सपाट केला. मग ताईनं घडलेलं सांगितलं.

तिच्या शेजारी बीरगांवहून आलेली दुकलहीन नावाची बाई राहते. कारखान्यात कामाला होती. दुष्काळात जन्मली म्हणून आईबापानं हे नाव ठेवलं. ही बाई अकरा वर्षं दर गुरुवारी ताईबरोबर पंगतीच्या हॉलवर जाते आणि ओसरीत बसून भजनं म्हणते. मराठी भजनं, छत्तीसगढी चालीत. तिला पंगतीत घ्यावं म्हणून ताईनं तीनदा अर्ज दिला. समितीनं आडनाव विचारलं नाही, कारण तसा नियमच आहे. म्हणून त्यांनी गाव विचारलं, मग पारा विचारला, म्हणजे गावातला मोहल्ला, मग बाप काय करत होता ते विचारलं. सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, "हव, बघू."

"तवा मले राग आला," ताई म्हणाली. "यायचं ताट खुंटीवर रिकामं होतं." यायचं म्हणजे भाऊजींचं. "मी ते काढलं, दुकलहीनच्या हाती देलं आन् ओळीत माह्या डावीकडं बसवलं तिले. सगळे पाहूनच राहिले. दुसऱ्या दिवशी माह्यं ताट उलटं. दोन महिने झाले. यायचं ताट दुकलहीनकडंच हाय."

"कोनं केलं?"

ताईनं भाताचं भांडं झाकलं. "विमलनं."

विमलताई पंगतीची सचिव. ताईची तीस वर्षांची मैत्रीण. भाऊजी दवाखान्यात होते तेव्हा ती एकवीस दिवस ताईसोबत दवाखान्याच्या फरशीवर झोपली होती.

"मंग सोड ना त्यायले," मी म्हटलं. "मी सोडलं, मले काय झालं?"

"तुले बायको हाय, पोट्टे हाय, नातवंडं हाय," ताई म्हणाली. "मले देवाधर्माचं नको शिकवू, बाळ्या. देव घरीबी हाय. मले ओळ पाह्यजे. इथं एकटी जेवतो मी, आन् माह्यं ताट मीच घासतो."

मी पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं. ते गिळलं. भातामागोमाग गेलं.

तेवढ्यात दुकलहीन आली. बारीक, ताठ, पांढरे केस, हातात पानांत गुंडाळलेलं काहीतरी गरम. "लेवव भैया, अंगाकर."

मी पान उलगडलं आणि पाहतच राहिलो. पळसाच्या दोन पानांमध्ये जाड भाकरी, निखाऱ्यावर भाजलेली, पानाच्या शिरा तिच्यावर उमटलेल्या. अहो, हा तर आमचा पानगा! बाबांच्या पुण्यतिथीचा प्रसाद! आमचा गव्हाचा आणि हिचा तांदळाचा, फरक तेवढाच. पुलगाव सोडून इतक्या दूर आलो आणि आमचा प्रसाद इथं रोजची न्याहारी म्हणून खातात. मी तीन खाल्ले. लोक सांगतात पाच. लोकांना अतिशयोक्तीची सवय असते.

शनिवार. बोरकरकाकांची ओटी

पंगतीचे अध्यक्ष बोरकरकाका रेल्वेत गार्ड होते. हॉलच्या मागेच त्यांचं घर. बोलण्याआधी ते क्षणभर थांबतात, मागचे सगळे डबे जोडलेले आहेत ना ते पाहिल्यासारखे. मी त्यांच्या ओटीवर बसलो, चहा घेतला आणि भाषण सुरू केलं. ते भाषण तुम्ही ऐकायला हवं होतं. बाबांची चार वाक्यं, माणुसकी, समितीचा जुलूम, सगळं आलं त्यात. रस्त्यावरून जाणारा एक ट्रकवाला इंजिन बंद करून ऐकत होता. गाडी बंद पडली होती असं तो नंतर म्हणाला, पण मला माहीत आहे.

माझं झाल्यावर काकांनी बशी खाली ठेवली.

"तुमचे भाऊजी गेले तेव्हा तुम्ही कुठं होता, बाळासाहेब?"

"गाडीत होतो. येऊन राहिलो होतो."

"गाडी किती लेट होती?"

"सहा तास."

"मले माहीत आहे, मी कंट्रोलले फोन करून करून विचारत होतो. त्या सहा तासांत लाकडं कोनी आणली? सर्टिफिकेट कोनी आणलं? तुमच्या ताईच्या तोंडात पाण्याचा घोट कोनी घातला? तुमच्या विचारस्वातंत्र्यानं?"

मी कप उचलला, तो रिकामा होता.  मला माझे वडील आठवले. ते गेले तेव्हा मला पंगत सोडून चार वर्षं झाली होती. मी कोणाला कळवलं नव्हतं. तासाभरात दारात चाळीस माणसं, ज्यांच्यासमोर मी ताट वाजवत निघून गेलो होतो तीच. कोणी एक शब्द विचारला नाही. तेरा दिवस आमच्या घरी भांडं मला विसळावं लागलं नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, कारण माझ्या पंगत सोडण्याच्या गोष्टीत ते बसत नाही.

पण मीही पुलगावचा. "काका, हे सगळं मान्य. मग दुकलहीन बाईले बापाचा धंदा काहून विचारला?"

"आडनाव कुठं विचारलं?"

"म्हनून तर म्हनतो. आडनाव सोडून सगळं विचारलं."

ते डबे मोजत राहिले. मग म्हणाले, "नियम ताटाचा आहे, माणसाचा नाही. बाईविरुद्ध आम्ही काही म्हटलं नाही. ताट पंगतीचं. सुमनताईंनी ते न विचारता दुसऱ्याच्या हाती दिलं. चूक ताईंची."

"आन् भाऊजींच्या ताटाची?"

"त्याची काय चूक? ते पंगतीतच आहे. ते आम्ही कुठं उलटं केलं?"

हे वाक्य मी खिशात घालून ठेवलं. कशासाठी ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. जाताजाता ते म्हणाले, "उद्या परगावच्या पाहुण्याचा मान असतो. वर्षातून एकदा सगळी ताटं उतरवून घासतात. ती खुंटीवर चढवायची असतात. याल?"

"मी पंगत सोडलेली आहे."

"ताट घेऊन आलात म्हणे."

कोणी सांगितलं कोण जाणे. रायपुरात बातम्या ट्रकने येतात-जातात.

फाटकाशी विमलताई उभी होती. ठेंगणी, चष्मा जाड, हातात नियमावली. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि पदराखालून डबा काढून माझ्या हातात दिला.

"सुमनले नको सांगजा कोनं देला. भरीत हाय. तिच्या कुंपनावर रोज ठेवतो मी. आज तुम्हीच न्या."

"मंग ताट काहून उलटं केलं?"

"सचिव कोन हाय?" ती म्हणाली, आणि चष्मा पुसायला लागली. तो स्वच्छच होता.

ताईला डबा दिला. तिनं झाकण उघडलं, वास घेतला, म्हणाली, "विमलच्या हातचं वांगं जरासं करपतेच." दोन महिन्यांपासून ती ते करपलेलं वांगं खाते आणि डबा घासून, आत मुनग्याच्या शेंगा भरून परत कुंपणावर ठेवते. बोलणं बंद. एकाच बाईनं ताट उलटं करायचं आणि डबाही पोचवायचा, हे फक्त संघटित धर्मातच जमतं. मोकाट माणसाला एवढा व्यायाम झेपत नाही.

रविवार. पंगतीचा हॉल

सकाळी गेलो तर अंगणात नळाखाली ताटांची रास. चिंच आणि राख लावून घासलेली, उन्हात अशी लखलखत होती की वरून जाणारं विमान डोळे मिटून गेलं असेल. हॉलच्या चारी भिंती उघड्या, नुसत्या खुंट्या, खाली रंगवलेले आकडे. प्रत्येक ताटाच्या काठावर तोच आकडा कोरलेला. मागे पानग्यांच्या शेणी पेटल्या होत्या, विमलताई तिकडे देखरेखीला होती. ताईचं सतरा नंबरचं ताटही राशीतच होतं, कारण घासण्याचा नियम उलट्या-सुलट्या सगळ्यांना एकच.

मी तासभर राबलो. आकडा पाहायचा, खुंटी शोधायची, ताट टांगायचं. शिडीवरून दोनदा पडलो. एकदाच पडलो, पण दोनदा पडल्यासारखं. काम झाल्यावर मागे सरून पाहिलं. सगळी ताटं एका रेषेत, तोंडं भिंतीकडे, अगदी पुलगावसारखी. मला एकदम वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेली भिंत आठवली आणि मी बाहेर जाऊन उगाच नाक शिंकरलं.

अकराला लोक आत आले आणि जागच्या जागी थिजले.  एका बाईच्या हातातली फुलांची परडी पडली.

"मामा," निखिल माझ्या कानाशी आला, "ये क्या कर दिया आपने?"

आता ऐका. पुलगावात जिनिंगची रुई उडते. ताटाचं तोंड बाहेर ठेवलं तर दोन दिवसांत ताटात गादी तयार होते. म्हणून आमच्याकडे तोंड भिंतीकडे आणि नाव पाठीवर. ज्याला काढायचं त्याचं ताट बाहेर तोंड करून ठेवतात, बसू दे रुई. रायपूरला आलेल्या मंडळींना रुईचं भय नव्हतं. ताटं चमकताना दिसावीत म्हणून त्यांनी तोंडं बाहेर केली, नावं पुढच्या बाजूला घातली, आणि भिंतीकडे तोंड म्हणजे बहिष्कार. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी शपथेवर सांगतो, मला माहीत नव्हतं. माझी शपथ कोणी मानत नाही, तो वेगळा भाग.

थोडक्यात, बोरकरकाकांसकट, विमलताईसकट, अख्खी रायपूरची पंगत पंगतीबाहेर!

एकच गोंधळ उडाला. "सुलटी करा, सुलटी करा," कोणीतरी ओरडलं आणि एक तरुण शिडीकडे धावला.

"थांब." बोरकरकाकांचा आवाज. "उलटं ताट सुलटं करायचा अधिकार समितीले. आणि उलट्या ताटाच्या मानसाले समितीत बसता येत नाही."

"काका, ते चुकून झालं ना!"

"सुमनताईंनाही मी हेच सांगितलं होतं, की कसं झालं ते नियम पाहत नाही." त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण ते रेषेवरून हलले नाहीत. खरं सांगू? त्या क्षणी मला त्या म्हाताऱ्याचा अभिमान वाटला. स्वतःवर चालणारा नियम पाहून पळवाट काढत नाही असा माणूस मी तरी मोजकाच पाहिला आहे. आरशात तर अजून दिसलेला नाही.

बाहेर पानगे निवत होते. शंभरावर माणसं उपाशी. मी खिशातलं कालचं वाक्य काढलं.

"काका, नियम ताटाचा की माणसाचा?"

"ताटाचा."

"मग या हॉलमध्ये एक ताट अजून सुलटं आहे. भाऊजींचं. तुम्हीच म्हटलं, ते पंगतीतच आहे."

सगळ्यांच्या माना ओसरीकडे वळल्या. तिथं पायरीवर ताई बसली होती आणि तिच्या शेजारी दुकलहीन. दुकलहीनच्या मांडीवर भाऊजींचं पितळी ताट, तोंड आभाळाकडे. नियमानं बघितलं तर त्या घडीला रायपुरात पंगतीची अशी एकच सभासद उरली होती.

"असं नाही चालत!" मागून एक जण म्हणाला. "त्या बाईले पंगतीत यायले दोन जामीनदार लागतात."

"जामीनदार सुलट्या ताटाचे पाह्यजे," काका वळून म्हणाले. "तुमचं ताट दाखवा."

मग ते क्षणभर थांबले. सगळे डबे मोजले. चपला न घालता ओसरीत गेले आणि दुकलहीनसमोर उभे राहिले. अकरा वर्षांत ते तिच्याशी बोलले नव्हते.

"दीदी," ते म्हणाले, "मेरी थाली जरा सीधी कर दोगी?"

"मोर हाथ ले?" दुकलहीननं ताईकडे पाहिलं, मग काकांकडे. "मैं तो भजन सुने बर आथंव, दाऊ. ए सब मैं नइ जानंव." माझ्या हातानं? मी तर भजन ऐकायला येते, यातलं मला काही कळत नाही, असं तिचं म्हणणं.

"हव," काका म्हणाले. "अब आप ही जानते हो."

ती उठली. भाऊजींचं ताट तिनं ताईच्या मांडीवर ठेवलं. तिला अक्षरं येत नाहीत, तेव्हा काकांचं ताट आधी वगैरे प्रकार नव्हता. तिनं दारापासून सुरुवात केली. एक ताट फिरवलं की एक नाव उजेडात यायचं. ज्याचं नाव यायचं तो नकळत हात जोडायचा. सरकारी बाबू, बँकेतले, रेल्वेतले, नव्या कचेरीतले, सगळे एका कामगार बाईच्या हाताकडे डोळे लावून. हॉलमध्ये फक्त पितळ भिंतीला लागल्याचा आवाज.

सतराव्या खुंटीशी तिचा हात पोचला आणि विमलताई पुढं झाली. तिनं दुकलहीनचं मनगट धरलं.

"दीदी, ये वाली रुको." ती म्हणाली. "ये मैंने की थी."

 म्हटलं, झालं, सचिव जागी झाली. विमलताईनं दोन्ही हातांनी सतरा नंबरचं ताट फिरवलं आणि पदरानं पुसलं. 'सुमन' ही अक्षरं चमकली. ती तिथंच पाठ करून उभी राहिली, ओसरीकडे वळायची तिची छाती होईना.

ताई पायरीवरून उठली नाही. तिथूनच म्हणाली, "विमल, काठाले काळं राहिलं हाय. चिंच नीट नाही लावली कोनं."

"तुह्या भावानं चढवलं, त्यालेच विचार!" विमलताई रडत ओरडली.

"त्याले काय विचारू? त्याले फक्त बोलता येते."

दोन महिन्यांनी त्या एकमेकींशी बोलल्या आणि पहिल्या वाक्यात माझी अब्रू काढली. हरकत नाही. बहिणीच्या ओळीसाठी इतकी अब्रू मी रोज देईन.

सगळं गोड झालं असं लिहिलं तर मी खोटारडा ठरेन, आणि त्यासाठी माझ्याकडे दुसरी पुष्कळ कारणं आहेत. दोन घरं न जेवता आपली ताटं घेऊन निघून गेली. दुकलहीनच्या खुंटीचा विषय 'पुढच्या सभेत घेऊ' असा ठेवला गेला. ती मात्र ओळीत बसली, ताईच्या डावीकडे. बोरकरकाका आपली नेहमीची जागा सोडून तिच्याही डावीकडे बसले. का ते कोणाला कळलं नाही. जेवण झाल्यावर कळलं, कारण तिच्या डावीकडच्याचं, म्हणजे काकांचं, ताट तिनं घासलं आणि तिचं ताईनं. निखिलनं शर्टाच्या बाह्या सारून वरण वाढलं, "और लो न चाची" करत. तो फार वाढतो. रक्त आमचंच.

पानगा खाऊन दुकलहीन म्हणाली, "ए तो अंगाकर आय! गहूं के." मग ताईनं घासलेलं आपलं ताट तिनं पुन्हा पिशवीत घातलं. मी म्हटलं, भांडा ना खुंटीसाठी. ती हसली. "खूंटी मा टांग देहूं त घर मा का मा खाहूं, भैया?" खुंटीवर टांगलं तर घरी कशात जेवू, हा तिचा प्रश्न.

सोमवार. परत

गाडी दुपारची होती. स्टेशनवर ताई, विमलताई, दुकलहीन, तिघी आल्या. डब्यात अंगाकर, पानगे आणि थोडं करपलेलं भरीत. तिघी एकाच वेळी मला सूचना देत होत्या, त्यामुळे एकही ऐकू आली नाही. ताईच्या आवाजानं फलाटावरचे कावळे उडाले, तेव्हा ताई पूर्ववत झाल्याची खात्री पटली.

मी पंगत सोडली याचा मला अजून अभिमान आहे. माणसाला ओळीतून उठून जाता आलं पाहिजे. आणि जी ओळ उठून गेलेल्याच्याही दारात लाकडं घेऊन येते, तिचाही मला अभिमान आहे. हे दोन्ही एका पोटात कसे मावतात असं कोणी विचारलं तर माझं पोट पाहावं.

घरी आल्यावर बायकोनं पिशवी उपसली. "तुमचं ताट कुठं आहे?"

"विसरलो वाटते."

"तीस वर्षांत कधी विसरले नाही ते?"

काय सांगणार? स्टेशनवर जाताना मी निखिलला गाडी हॉलपाशी थांबवायला लावली होती. न जेवता गेलेल्या घरांच्या खुंट्या रिकाम्या होत्या. त्यातल्या एकीवर मी माझं ताट टांगलं, तोंड भिंतीकडे, पाठीवरचं नाव बाहेर. पुलगावच्या पद्धतीनं मी आत आहे, रायपूरच्या पद्धतीनं बाहेर. बोरकरकाकांनी समिती बसवली आहे म्हणे, पण त्यांना काही ठरवता येत नाही. तोवर मी इकडे स्टीलच्या ताटात जेवतो आहे. अन्न गोड लागत नाही, पण झोप फार छान लागते.